नावं बदलली, नळ तेच

१९९० साली युरोपातल्या दोन गोद्यांमधून दोन प्रवासी बोटी सेवेत आल्या. फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ रॉयल कॅरिबियन कंपनीची, आणि इटलीत मोन्फाल्कोनेला बांधलेली ‘क्राउन प्रिन्सेस’ प्रिन्सेस क्रूझेसची. पहिलीचं नामकरण गायिका ग्लोरिया एस्तेफानने केलं, दुसरीचं सोफिया लॉरेनने. दुसरीला डॉल्फिनसारखा घाट रेंझो पियानो या नामवंत वास्तुविशारदाने दिलेला. जवळजवळ तीस वर्षांनी, वेगवेगळ्या मालकांच्या हातून, या दोन्ही बोटी मुंबई बंदरात आल्या. ‘क्राउन प्रिन्सेस’ एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ या नावाने जलेश क्रूझेसकडे आली. ‘नॉर्डिक एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ मध्ये ‘एम्प्रेस’ या नावाने कॉर्डेलिया क्रूझेसकडे. कर्णिका दीड-पावणेदोन वर्षांत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. एम्प्रेस मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जात राहिली. लोखंडाचं वय दोघींचं एकच. तेव्हा बोट म्हातारी झाली म्हणून गेली, हे नेहमीचं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. जुन्या बोटींवर हयात घालवलेल्या माणसांना ते एरवीही फारसं पटत नाही. माझं म्हणणं असं की जुन्या बोटीवरची सगळ्यात किमती वस्तू म्हणजे त्या बोटीची तिथल्या माणसांना असलेली ओळख. ती कुठल्याही विक्रीखतात लिहिलेली नसते, म्हणून मालक बदलला की सगळ्यात आधी तीच गँगवेवरून खाली उतरते.

छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्राबद्दल लिहिणं काहींना गमतीचं वाटेल. आमच्याकडे पाणी दिसतं ते जायकवाडीचं, तेही पाऊस बरा झाला तर. पण बोटीवर गेलेली मुलं या गावात जेवढी सापडतील तेवढी समुद्रापासून इतक्या दूरच्या दुसऱ्या गावात सापडणं कठीण. त्याचं कारण रौजाबागेत आहे. डॉ. रफिक झकेरियांच्या मौलाना आझाद शिक्षणसंस्थेने ताज समूहाच्या साथीने १९८९ मध्ये इथे हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज सुरू केलं आणि इंग्लंडातल्या हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवी मराठवाड्यात आणली. म्हणजे कॉलेज त्या दोन बोटींहून एका वर्षाने मोठं. तिथून आणि त्याचं बघून निघालेल्या इतर संस्थांतून शिकलेली मुलं पंचतारांकित हॉटेलांत गेली, तशीच क्रूझवरही गेली. घरी, नात्यात, लग्न जुळवताना या मुलांना विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, ‘कंपनी कोणती?’ बोट कोणती, किती सालची, याआधी कोणाची होती, हे कोणी विचारत नाही. पगार कंपनी देते, तेव्हा प्रश्न चुकीचा नाही. पण आठ-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अंगावर येतं ते काम बोट देते, आणि त्याबद्दल कंपनीच्या नावावरून फारसं काही कळत नाही.

मालक बदलला की बोटीवर आधी रंगारी चढतात. जहाजाचं नाव नुसतं रंगवलेलं नसतं. पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अक्षरांची कड वेल्डिंगने उठवलेली असते, म्हणजे रंग उडाला तरी नाव वाचता यावं. नवं नाव आलं की जुनी अक्षरं ग्राइंडरने घासतात, नवी चढवतात, वरून रंगाचे हात मारतात. तरी सकाळचं तिरकं ऊन पडलं की घासलेल्या अक्षरांच्या खुणा खालून वर येतात, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकावर एक दोन-तीन नावं वाचता येतात. कर्णिकेवर अशी पाच नावं आधी होऊन गेली होती: क्राउन प्रिन्सेस, २००२ मध्ये जर्मन प्रवाशांसाठी आरोझा ब्लू, २००४ मध्ये आयडाब्लू, २००७ मध्ये इंग्रज पाहुण्यांसाठी ओशन व्हिलेज टू, २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात पॅसिफिक ज्वेल. २००३ नंतर या सगळ्या पाट्यांचा खरा धनी कार्निव्हल हा एकच समूह होता, हा त्यातला गमतीचा भाग. तेव्हा मालक बदलणं म्हणजे नुसती खरेदी-विक्री नव्हे. एकाच घरात एका सुनेकडून दुसरीकडे किल्ल्या जाव्यात तसंही ते होतं, आणि बोटीवरच्या माणसाच्या दृष्टीने परिणाम तोच. नवा युनिफॉर्म येतो, नवे फॉर्म येतात, गालिचे, पडदे, बारच्या पाट्या, मेनूकार्ड, घोषणांची भाषा बदलते. बदलत नाही तो आयएमओ क्रमांक. कर्णिकेचा ८५२१२२०, एम्प्रेसचा ८७१६८९९. हा क्रमांक बोट बांधताना मिळतो आणि तोडेपर्यंत तोच राहतो. त्याच्याइतकंच न बदलणारं दुसरं काही असेल तर ते भिंतींच्या आत असतं: नळ, वायरी, हवेचे डक्ट, सांडपाण्याच्या टाक्या. नव्या मालकाचा पैसा पहिल्या वर्षी तिकीट काढणाऱ्याच्या नजरेला पडेल तिथे लागतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. तिकीट खपलं नाही तर नळ बदलायलाही पैसा उरणार नाही, हा त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबरच असतो.

पण जुन्या बोटीवर बिघाड कुठून सुरू होतो ते समजायला गॅलीची, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराची, फरशी जवळून बघावी. खाली पोलादी डेक, त्यावर सिमेंटचा थर, त्यावर टाइल्स, मधून मधून पाणी जायला जाळीचे स्कपर. रोज रात्री, कधी दिवसातून दोनदा, गरम पाणी, तेलकटपणा काढणारं रसायन आणि क्लोरीन टाकून ती घासली जाते. बोट हलते, कंप पावते, अवजड ट्रॉल्या एकाच वाटेने जातात, टाइलच्या सांध्याला केसाएवढी भेग पडते. पाणी खाली जातं आणि तिथेच राहतं. वरून फरशी आरशासारखी. आरोग्य तपासणीच्या इन्स्पेक्टरने गुडघ्यावर बसून टॉर्च मारली तरी त्याला ती स्वच्छच दिसणार. मात्र भांडी घासणाऱ्या युटिलिटीला कुठली टाइल बुटाखाली पोकळ वाजते ते माहीत असतं. खालच्या डेकवर राहणाऱ्या क्रूला आपल्या केबिनच्या छताचा रंग कुठे फुगलाय ते माहीत असतं. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की मधला पत्रा किती उरला असेल याचा अंदाज येतो. पण त्या एकत्र ठेवायचं काम कोणाचंच नसतं. एक माणूस फूड अँड बेव्हरेजचा, दुसरा हाउसकीपिंगचा, आणि पत्रा इंजिन विभागाचा.

हे नुसतं तर्काने बोलत नाही. ‘नॉर्डिक एम्प्रेस’ पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, २००८ मध्ये स्पेनच्या पुलमान्तूर कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे परत आली. पुलमान्तूर तेव्हा रॉयल कॅरिबियनच्याच मालकीची होती. म्हणजे बोट आपलीच, ताफा आपलाच, कागदपत्रं आपलीच, तांत्रिक माणसांना फोन लावायचा तर तोही आपल्याच समूहात. तरीसुद्धा मार्चअखेर मायामीहून सुरू व्हायच्या फेऱ्या रद्द करत करत मेअखेरपर्यंत ढकलाव्या लागल्या, आणि कंपनीने दिलेलं कारण होतं गॅली. ठरवलं होतं त्यापेक्षा किती तरी जास्त दुरुस्ती तिथे निघाली. जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रूझ कंपन्यांपैकी एक, स्वतः बांधून घेतलेली बोट स्वतःच्याच उपकंपनीकडून परत घेताना, फरशीखाली काय आहे ते आधी ओळखू शकली नाही. मग परक्याकडून, घाईत, जुनी बोट विकत घेणाऱ्याला किती कळत असेल?

याला एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते वजनदार आहे. आता सगळं लिहिलेलं असतं, असं म्हणतात. दुरुस्तीचं वेळापत्रक संगणकावर असतं, प्रत्येक पंपाचा इतिहास असतो, जुलै १९९८ पासून प्रवासी जहाजांना आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता सक्तीची आहे. हे सगळं खरं, आणि संहितेपूर्वीच्या काळाबद्दल हळवं व्हायचं काही कारण नाही. पण हीच संहिता नीट वाचली तर लक्षात येतं की तिच्या रचनेत कंपनी मध्यभागी आहे. डॉक्युमेंट ऑफ कंप्लायन्स मिळतं ते कंपनीला. बोटीला मिळणारं प्रमाणपत्र त्या कंपनीच्या व्यवस्थेला टेकून असतं. बोट चालवणारी कंपनी बदलली की जुनी सुरक्षा व्यवस्था, तिच्या फायली, तिचे फॉर्म आणि तिच्या सवयी जुन्या कंपनीबरोबर जातात. बोटीला तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी व्यवस्था पहिल्या पानापासून सुरू होते. नकाशे, प्रमाणपत्रं, यंत्रांची पुस्तकं मागे राहतात. लिहिलेली आठवण म्हणजे बोटीची आठवण असं आपण धरून चालतो, पण कागदावर तिचा बराचसा भाग मालकाचा असतो. शिवाय जे लिहिलं जातं ते काय करावं याबद्दल असतं. अमुक व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की चौथ्या डेकवरच्या केबिनांत गरम पाणी जायचं थांबतं, म्हणून तो पाव वळसा उघडा ठेवतात, हे लिहायला कुठलाच रकाना नसतो. लिहिलं तर तो दोष ठरतो, आणि दोष लिहिला की तो बंद करण्याची तारीखही लिहावी लागते.

आमच्या गावाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. मलिक अंबरने वसवलेलं खडकी फत्तेनगर झालं, औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने जमिनीखालून आणलेली नहर-ए-अंबरी नावांच्या खालून वाहत राहिली. खापरी नळ, हवा सोडणारे मनोरे, उतारावर चालणारं पाणी, पंपाचं नाव नाही. जिथे तिचा गाळ काढणारे आणि नळ कुठून जातो ते ठाऊक असलेले हात राहिले, तिथे ती शतकं टिकली. जिथे ते गेले तिथे कोणी तरी पाया खणला, कोणी रस्ता केला आणि नहर फुटली. फोडणाऱ्यांत वाईट हेतू असलेले थोडेच. बहुतेकांना आपल्या पायाखाली काय आहे तेच ठाऊक नव्हतं. बोटीवर नवा मालक नवीन बार उभारताना भिंतीत ड्रिल मारतो तेव्हा तो नेमक्या याच जागी उभा असतो.

ही ओळख टिकत का नाही? कारण नोकरीची रचनाच तशी आहे. क्रू करारावर येतो, सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, साइन ऑन, साइन ऑफचे शिक्के पडतात, मध्ये दोन-तीन महिने घरी. परत जाताना तीच बोट मिळेल याची खात्री नसते. आपल्या जागी येणारा माणूस बंदरात चढतो त्याच दिवशी आपण उतरतो, आणि हँडओव्हरला मिळतात काही तास, त्यातच पासपोर्ट, इमिग्रेशन, बॅगा. तरीही वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या एकाच बोटीवर परत परत येणारी थोडी माणसं प्रत्येक विभागात असतात: एखादा फिटर, एखादा प्लंबर, लाँड्रीतला एखादा मास्टर, बहुतेकदा फिलिपिन्सचा, गोव्याचा किंवा कोकणातला. पाट्यांवर अधिकाऱ्यांची नावं असतात, पण नळ कुठे तुंबलाय ते विचारायला सगळे या माणसांकडे जातात. व्हॅक्यूम टॉयलेटचं उदाहरण बघा. एका केबिनमधल्या पाहुण्याने ओला नॅपकिन टाकला की त्या ओळीतल्या डझनभर केबिनांचा निचरा थांबतो. जुन्या बोटीत पाइपांच्या आत क्षारांचा थर चढून वाट आधीच अरुंद झालेली असते, त्यामुळे हे जास्त वेळा घडतं. कुठल्या ओळीत कुठला सांधा आधी उघडायचा हे नकाशावरून कळायला अर्धा दिवस लागतो. ज्याने तो सांधा पूर्वी उघडलाय त्याला दहा मिनिटं पुरतात. बोट विकली जाते तेव्हा या माणसाचा करार संपतो. त्याला जुनी कंपनी दुसऱ्या बोटीवर घेते किंवा घरी पाठवते. कंपनीच्या दृष्टीने ती त्याची काळजीच झाली. नव्या मालकाला मात्र तो नकाशासकट मिळत नाही.

आपल्याकडे आलेल्या बोटींच्या बाबतीत आणखी एक भर पडते, आणि ती मला फारशी कुठे लिहिलेली दिसत नाही. ऑस्ट्रेलियात किंवा कॅरिबियनमध्ये आठवडाभराच्या किंवा त्याहून लांबच्या फेऱ्या सर्रास असतात. मुंबई-गोवा-मुंबई हा दोन-तीन रात्रींचा मामला. फेरी छोटी झाली म्हणून काम छोटं होत नाही. ज्या कामाला पूर्वी आठवड्यात एक दिवस होता तो दिवस आता आठवड्यात दोनदा-तीनदा येतो. सगळ्या चादरी, सगळे टॉवेल, सगळ्या बॅगा, सगळ्या पाहुण्यांना लाइफ जॅकेट आणि मस्टर स्टेशन समजावणं, सगळा किराणा वर चढवणं. लिफ्ट, लाँड्रीची यंत्रं, दारांची कुलुपं यांचं वय तारखेने मोजण्यापेक्षा अशा दिवसांनी मोजलं तर जास्त खरं निघेल. त्यात स्वयंपाक बदलतो. पाश्चात्त्य जेवणासाठी आखलेल्या गॅलीत आता वेगळी शाकाहारी आणि जैन व्यवस्था लागते, तळणं वाढतं, सकाळी इडल्या लागतात. प्रवासी बोटीच्या गॅलीत गॅसची उघडी ज्योत चालत नाही, तेव्हा तंदूरही विजेवरच. तेलाचा नि पिठाचा जो निचरा होतो तो त्याच जुन्या पाइपांतून जायचा असतो. प्रवाशाला आवडेल ते वाढणं हा धंदाच आहे, त्यात गैर काही नाही. पण जिचं काम असं बदललंय तिला तिच्या नळांची ओळख असलेली माणसं आधीपेक्षा जास्त लागतात, आणि नेमकी त्याच वेळी ती नसतात.

इथे कोणी म्हणेल, मग एवढ्या जुन्या बोटी चालवायच्याच कशाला? तोडा आणि नव्या आणा. सुरक्षिततेचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. १ ऑक्टोबर २०१० पासून जहाजांच्या अंतर्भागातल्या ज्वलनशील सामानावर जी आंतरराष्ट्रीय बंधनं आली त्यांनी कित्येक देखण्या जुन्या बोटी बाद केल्या, आणि आग लागली असती तर ते देखणेपण कामाला आलं नसतं. पण १९९० च्या बोटी त्या चाळणीतून पुढे आलेल्या आहेत. प्रवासी बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने मिळवावं लागतं, दर पाच वर्षांनी क्लासिफिकेशन सोसायटीची मोठी तपासणी होते, पाच वर्षांत निदान दोनदा बोटीचा तळ कोरड्या गोदीत तपासला जातो. या तपासण्यांत टिकलेलं पोलाद केवळ वयामुळे धोकादायक ठरत नाही. ‘नव्या आणा’ म्हणणाऱ्यांनी किंमतही बघावी. नवी मोठी क्रूझ बोट हजारो कोटींची होते, आणि तेवढा पैसा गोव्याच्या तीन दिवसांच्या तिकिटातून काढता येत नाही. मुंबईत क्रूझचा धंदा उभा राहिला तो या उतरत्या बोटींच्या जिवावरच. केबिनला बाल्कनी नाही म्हणून मायामीत ज्या बोटीला गिऱ्हाइक मिळेनासं होतं, तिच्यासाठी आपल्याकडे पहिल्यांदाच समुद्रावर जाणारं कुटुंब तयार असतं. जुनेपणाचा कधी कधी थेट फायदाही होतो. २०१७ ते २०१९ या काळात एम्प्रेसला क्यूबाच्या फेऱ्या मिळाल्या त्या मुख्यतः ती लहान होती म्हणून, कारण नव्या महाकाय बोटी हवाना बंदरात शिरणं अवघड होतं. जून २०१९ मध्ये अमेरिकेने त्या फेऱ्या बंद केल्या आणि बोटीचं मोल एका आदेशाने खाली आलं. पोलाद तेच होतं.

दुसरा आक्षेप असा की कर्णिका मालकामुळे गेली नाही, कोविडमुळे गेली. मार्च २०२० नंतर जगातला जवळजवळ कुठलाच क्रूझ मालक बोट चालवू शकत नव्हता, मग जलेशला काय दोष द्यायचा? दोष द्यायचा नाही, क्रम बघायचा आहे. जलेशच्या मागे एस्सेल समूह होता. समूहप्रमुख सुभाष चंद्र यांनी जानेवारी २०१९ मध्येच कर्जदात्यांची जाहीर पत्र लिहून माफी मागितली होती, आणि बोट मुंबईत आली ती त्यानंतर, एप्रिलमध्ये. जी कंपनी चालू असतानाच श्वास धरून होती, तिला थांबलेली बोट पोसणं शक्य नव्हतं. थांबलेल्या बोटीलाही जनरेटर, इंधन, क्रू, बंदराचं भाडं, विमा लागतो. देणी वाढली, बोट न्यायालयाच्या ताब्यात गेली, लिलाव झाला आणि वर्षअखेरीस ती अलंगला. आता तिच्या बहिणीकडे बघा. ‘रीगल प्रिन्सेस’ त्याच मोन्फाल्कोनेची, त्याच नकाशावरची, १९९१ ची. तीही पुढे ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक डॉन’ म्हणून धावली आणि कोविडच्याच वर्षी विकली गेली, तीही बिटकॉइनवाल्यांना. त्यांना ती पनामाजवळ उभी करून तरंगती वसाहत करायची होती, नाव ठेवलं ‘सातोशी’. विमा मिळेना म्हणून बेत बारगळला, बोट भंगारात जाण्याच्या दारापर्यंत गेली आणि २०२१ मध्ये इंग्लंडच्या अँबॅसडर क्रूझ लाइनने ती उचलली. २०२२ च्या एप्रिलपासून ‘अँबियन्स’ या नावाने ती टिलबरीहून प्रवासी घेऊन निघू लागली. साथ एकच, वय जवळजवळ एकच, नकाशा एकच. कोविडने दोघींना एकाच दारात आणलं, हे मान्य. पण एक आत गेली आणि एक परत फिरली ती हिशेबामुळे.

अलंगला हा हिशेब अगदी उघडा होतो. भरतीला बोट किनाऱ्यावर चढवतात, किंमत ठरते ती तिच्या स्वतःच्या वजनाच्या टनावर. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांत पलंग, खुर्च्या, कपबशा, आरसे, गाद्या, गॅलीतली स्टीलची टेबलं जातात. स्क्रूसुद्धा वाया जात नाही. भारताच्या २०१७ च्या सागरी दावे कायद्यात बोटीच्या लिलावातून क्रूच्या थकलेल्या पगाराला सागरी धारणाधिकारात पहिला क्रम आहे, आणि सागरी कामगार अधिवेशनाच्या नियमांप्रमाणे मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या क्रूसाठी चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी काढून ठेवावी लागते. हे मोठं पाऊल आहे, ते कमी लेखू नये. पण या सगळ्यात मोबदला मिळतो तो केलेल्या कामाचा. त्या कामातून साठलेल्या माहितीची किंमत बोट विकताना धरत नाहीत आणि तोडतानाही धरत नाहीत.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात अडचणीचा आक्षेप हॉटेल विभागातल्या माणसांकडूनच येतो. जुन्या माणसांना डोक्यावर बसवू नका, असं ते म्हणतात. बोट ओळखणाऱ्याला तिच्या वाईट खोडीही सवयीच्या होतात. रोज वाजणारा अलार्म तो ऐकेनासा होतो, पाव वळसा उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह त्याला दोष वाटतच नाही, अग्निरोधक दार पाचर लावून उघडं ठेवायची सवय तोच नव्याला शिकवतो. हे खरं आहे, आणि जहाजांवरच्या बऱ्याच अपघातांच्या चौकशांत अशीच अंगवळणी पडलेली चूक सापडते. नव्या मालकाबरोबर आलेला नवा चीफ इंजिनिअर किंवा नवा एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर पहिल्या आठवड्यात जे बघतो ते जुन्याला दहा वर्षांत दिसलेलं नसतं. म्हणून जुनी माणसंच कायम ठेवा, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की नवी नजर नि जुनी ओळख काही काळ एकाच डेकवर असावी. नव्याने ‘हे असं का?’ विचारावं आणि उत्तर देणारा तिथे असावा. आज नवा विचारतो तेव्हा उत्तर देणारा मनिलाच्या किंवा मुंबईच्या विमानात बसलेला असतो. मग नवा माणूस दोनांपैकी एक करतो. एक तर सगळं जुनं काढून टाकतो आणि त्याबरोबर कोणी तरी विचार करून केलेली सोय उखडतो, किंवा बिचकून सगळंच तसंच ठेवतो आणि खरा दोषही पुढे चालवतो. जुन्या बोटींवर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतात.

यावर मालकाचा सवाल असतो, याचे पैसे कोण देणार? प्रत्येक विभागातून मोजकी माणसं, एक-दोन महिने, दोन्हीकडून पगार. रक्कम लहान नाही. पण ती कशाशी ताडून बघायची, एवढंच ठरवायचं आहे. नव्या गालिच्यांशी ताडली तर मोठी वाटेल. २०१६ मध्ये एम्प्रेसच्या रद्द झालेल्या फेऱ्यांशी, परत केलेल्या तिकिटांशी, घाईत बोलावलेल्या कंत्राटदारांशी ताडली तर कदाचित तिचा उल्लेखही ताळेबंदात होणार नाही. विक्रीच्या करारात सुट्या भागांची यादी असते, साठ्यातल्या इंधनाचं मोजमाप असतं, भिंतीवरच्या चित्रांचीही नोंद असते. त्या करारात आणखी एक ओळ घालायला कुठल्याही आंतरराष्ट्रीय अधिवेशनाची वाट बघावी लागणार नाही.

हा प्रश्न लवकरच पुन्हा येणार आहे. नॉर्वेजियन कंपनीच्या दोन बोटी, १९९९ ची ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि २००१ ची ‘नॉर्वेजियन सन’, कॉर्डेलियाला भाड्याने मिळणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. पहिली २०२६ मध्ये, दुसरी त्याच्या पुढच्या वर्षी. स्कायचं पूर्वचरित्र एम्प्रेसला शोभेल असं आहे. ती जर्मनीत कोस्टा कंपनीसाठी बांधायला घेतली होती, गोदी दिवाळखोरीत गेली, अर्धा सांगाडा नॉर्वेजियनने घेऊन पुरा केला, आणि मध्ये चार वर्षं ती हवाईमध्ये ‘प्राइड ऑफ अलोहा’ या नावाने होती. भाडेकरारात एक फरक फार महत्त्वाचा असतो. नुसतं जहाज भाड्याने घेतलं, ज्याला बेअरबोट चार्टर म्हणतात, तर क्रू घेणाऱ्याचा. माणसांसकट घेतलं तर इंजिनाकडची मंडळी जुनीच राहू शकते. रौजाबागेतून किंवा आणखी कुठल्या कॉलेजातून निघून या बोटींच्या मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींनी पगार, सुट्टी नि विमानाचं तिकीट विचारून झाल्यावर हेही विचारावं: करार कुठल्या प्रकारचा आहे, जुन्या क्रूपैकी किती जण मुंबईपर्यंत येणार आहेत, आणि ते किती महिने थांबणार आहेत.